निविदाकार क्रमांक दोन

पडदा सरला आणि सरबताचा ट्रे घेऊन जो माणूस आत आला, तो निविदाकार क्रमांक दोन होता.

सुलेखाबाई दाभाडे यांनी ग्लास घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदर सारखा केला. पदर आधीपासूनच सारखा होता. बिडकीनच्या त्या बैठकीच्या खोलीत पंखा होता नव्हता तेवढ्या जोरानं फिरत होता. समोर मुलीची आई पारूबाई बसली होती, शेजारी बाईंचा मुलगा सम्यक नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये मान फिरवून बघत होता, आणि ट्रेच्या मागे पुंडलिक मगरे उभे होते. शहागंजात जिन्यावरच्या एका खोलीत ऑफिस थाटून परदेशी कंपनीची यंत्रं विकणारे मगरे. बाईंच्या संशोधन संस्थेत, त्यांच्या खरेदीच्या टेबलापुढे बसताना खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर बसणारे मगरे. ट्रेमधले ग्लास एकमेकांवर किणकिण करायला लागले तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की धक्का एकट्या आपल्याला बसलेला नाही. किंवा मगऱ्यांना ट्रे हलवता येतो.

"मॅडम?" मगरे म्हणाले.

"अगं बया, दादा, तू वळखतो यांना?" पारूबाईंचा चेहरा उजळला. "बघा म्हंजे! आपलीच माणसं निघाली. ह्यो माझा भाऊ. अमृताचा मामा. तिचे वडील गेले तवापासून यानंच सांभाळलं सगळं."

आपलीच माणसं. हे दोन शब्द सुलेखाबाईंच्या कानात उतरले ते तिथंच राहिले. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदी समितीची बैठक होती. पाण्याचं वय सांगणाऱ्या एका यंत्रासाठी तीन निविदा आल्या होत्या, त्यातली दोन नंबरची मगऱ्यांची. आणि बैठकीच्या सुरुवातीला, चहाच्याही आधी, प्रत्येक सदस्यानं एका कागदावर सही करायची असते: या निविदाकारांपैकी कोणाशीही माझं नातं नाही. नोकरीची सगळी वर्षं बाई ही सही करत आल्या होत्या. इतकी सरावाची झाली होती, की एकदा बँकेच्या स्लिपवरही सही करताना त्यांनी मनातल्या मनात म्हटलं होतं, नातं नाही.

मग अमृता आली. बिडकीनच्याच एका शाळेत गणित शिकवणारी, सावळी, सरळ बघणारी. तिनं सुलेखाबाईंना विचारलं, "तुम्ही ऑफिसात नेमकं काय करता?" त्यावर सम्यक हसला, पारूबाई हसल्या, मगरे मात्र खिडकीबाहेर कुणाची तरी म्हैस बघू लागले. बाईंनी सांगितलं. शास्त्रज्ञांना जे लागतं ते विकत घेऊन द्यायचं, नियमानं, तीन-चार जणांमधून निवडून. "मग ज्यांचं होत नाही, त्यांना कुणी सांगतं का, का नाही झालं ते?" अमृतानं विचारलं. "पत्र जातं," बाई म्हणाल्या. "पत्रात काय असतं?" "नियमानुसार आपली निविदा ग्राह्य धरता येत नाही, असं." अमृतानं मान हलवली, वर्गात चुकीच्या उत्तराला हलवतात तशी. "म्हणजे नाहीच सांगत."

"ए, गप की," मगरे म्हैस सोडून म्हणाले.

निघताना ते गाडीपर्यंत आले. सम्यक स्टिअरिंगवर, पारूबाई दारात अमृताच्या कानाशी काहीतरी बोलत. मगऱ्यांनी आवाज खाली केला. "मॅडम, उद्याच्याबद्दल मी काय बोलणार नाय."

"बोलू नका."

"नाय, बोलतच नाय. मी बोलत नाय, एवढंच म्हणतोय."

"मगरे, हेसुद्धा बोलणंच आहे."

"व्हय," ते म्हणाले आणि गाडीच्या छताला, बैलाच्या पाठीला लावतात तसा, हात लावून मागे झाले.

गाडी पैठण रस्त्याला लागली. सम्यक गुणगुणत होता. हा मुलगा गुणगुणत नाही, हे बाईंना आई म्हणून माहीत होतं. कंपनीतून घरी आला की बूट काढतानासुद्धा तो बुटाशी मीटिंग असल्यासारखा बोलतो. आज चितेगावच्या चौकात ट्रक आडवा आला तर यानं त्याला आधी जाऊ दिलं. "कशी वाटली?" त्यानं विचारलं. "कोण?" बाई म्हणाल्या. "आई!" "बरी आहे." "बरी? मला तर…" "बघू," बाई म्हणाल्या, आणि त्याचं 'मला तर' तिथंच, रस्त्याच्या कडेला, रसवंतीच्या घुंगरांपाशी राहिलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आम्हाला दोघांनाच गच्चीवर पाठवलं तेव्हा तिला म्हटलं, आईला विचारून सांगतो. तर म्हणाली, मला आईशी नाही करायचं." आणि एकटाच मोठ्यांदा हसला. "उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय त्यांना. तू मामांना ओळखतेस ना? भारीच झालं." बाईंनी काच खाली केली. बाहेरून मार्चअखेरची गरम हवा आत आली. मार्चअखेर हा शब्द त्यांनी कधी हवेला लावला नव्हता. तो फक्त निधीला लागतो. एकतीस तारखेच्या आत ऑर्डर निघाली नाही, तर यंत्राचे पैसे दिल्लीला परत जाणार होते, आणि परत गेलेली गोष्ट दिल्लीहून परत आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. डॉक्टर ऋतुराज हे त्या यंत्राचे उमेदवार, म्हणजे यंत्र ज्यांना हवं होतं ते. डोळे मिटून ते सांगत, की इथल्या बोअरमधून आपण जे उपसतोय ते कुणाच्या आज्यापणज्याच्या काळात मुरलेलं पाणी असू शकतं, पुन्हा भरायला तितकाच काळ लागेल, पण हे नुसतं सांगून कुणी ऐकत नाही, आकडा लागतो. आकड्यासाठी यंत्र. यंत्रासाठी समिती. समितीसाठी सही. सहीसाठी मामा नसलेली बाई.

नातं नेमकं कधी सुरू होतं? करार कधी सुरू होतो हे बाईंना झोपेत विचारलं तरी आलं असतं. एकानं देकार दिला, दुसऱ्यानं तो तसाच्या तसा स्वीकारला, स्वीकार पहिल्याला कळवला, की झाला करार. त्याआधीचं सगळं म्हणजे बोलणी, आणि बोलण्यांना बांधील कुणी नसतं. मग आजचं सरबत म्हणजे काय? फार तर स्थळपाहणी. मोठ्या कामांच्या आधी ठेकेदार येऊन जागा बघून जातात, त्यानं कुणी कुणाचं होत नाही. उद्या सकाळी अकरा वाजता सही करताना पुंडलिक मगरे त्यांचे कोणी नसतील. संध्याकाळी होकार कळवला, की असतील. सकाळची सही खरी, संध्याकाळचा होकार खरा, मधे दुपारचा डबा. हे इतकं सोपं होतं, की बाईंना गाडीत बसल्याबसल्या घाम फुटला. तारखा मागेपुढे करणारी माणसं त्यांनी जन्मभर पकडली होती. एकानं तर माल पोचल्याच्या पावतीवर रविवारची तारीख टाकली होती आणि वर शपथ घेतली होती, की साहेब, त्या रविवारी सोमवार होता. त्याच्याकडे चष्म्यावरून बघताना बाईंना वाटलं होतं, असं करायला माणसाला केवढी बुद्धी लागत असेल. काहीच लागत नाही, हे त्यांना नक्षत्रवाडीच्या उतारावर कळलं.

आणि दुसरा विचार याच्याही खाली होता, गाडीच्या सीटखाली गेलेल्या नाण्यासारखा, हात पोचत नाही पण वळणावर वाजतो. हे स्थळ आलं कसं? यंत्राची निविदा निघाली जानेवारीत. स्थळ आलं फेब्रुवारीत. मगऱ्यांना बाईंचं नाव माहीत, बाईंना लग्नाचा मुलगा आहे हे सगळ्या संस्थेला माहीत, कारण कँटीनमध्ये दुसरा विषय नसतो. समजा, एखाद्या माणसानं विचार केला, की या बाईला मिठाई चालत नाही, डायरी चालत नाही, भाचीचं काय? छे. अमृताचे डोळे तसे नव्हते. पण निविदेतले कागद कधी कुणाच्या डोळ्यांसारखे नसतात. स्टेशनजवळ सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाईंनी करुणाला फोन लावला. करुणा ही त्यांच्या बिल्डिंगमधली मैत्रीण, अर्ध्या शहराची लग्नं हिनं जमवलेली, उरलेल्या अर्ध्यांना हिच्यामुळे उशीर झालेला.

"करुणा, हे स्थळ तुला कुणी दिलं?"

"का? पोरगी तिरळी निघाली का?"

"कुणी दिलं ते सांग."

"अगं, वधूवर मेळाव्याच्या ग्रुपवर आलं होतं. शिक्षण, उंची, मामा व्यवसाय करतात. मीच निवडलं, मीच तुला पाठवलं. काय झालं काय?"

"मामाचं नाव नव्हतं त्यात?"

"मामाशी लग्न करायचंय का सम्यकचं? सुलेखा, स्थळ पाठवलंय गं मी, टेंडर नाही."

बाईंनी फोन ठेवला. सम्यक बघत होता. "काय झालं?" "काही नाही. उंची विचारत होते." "उंची तर दिसली की." "खात्री केलेली बरी," बाई म्हणाल्या. सिग्नल हिरवा झाला.

खात्री. या शब्दानं त्यांचा सगळा गोतावळा गाळून काढला होता. साडी घेताना तीन दुकानं, वह्या घेताना तीन दुकानं. सम्यक लहानपणी म्हणायचा, आई, मला पण तीन पोरांतून निवडलं का? पण ते गमतीचं. गमतीचं नव्हतं ते आत्याच्या जावयाचं. त्यानं प्रयोगशाळेच्या काचसामानासाठी निविदा भरली होती. दर चांगले, माल चांगला, फक्त एका पानावर सही राहिली होती. बाईंनी सांगितलं, माझा लांबचा नातेवाईक आहे, मी बाजूला होते. तेव्हाच्या साहेबांनी म्हटलं, लांबचा ना, मग बसा. बाई बसल्या, आणि नातेवाईक असल्यामुळे इतरांपेक्षा दोन बोटं जास्त कडक बसल्या. निविदा बाद. बाईंच्या बापाला, कडुबांना, हे कळलं तेव्हा ते ओट्यावर दाढी करत होते. फेस तसाच ठेवून म्हणाले, "त्याची सही राह्यली व्हय? मग आत्यानं येणं-जाणं का सोडलं गं? तिची पण राह्यली का?" त्यांनी पोरीला चूक कधी म्हटलं नाही. गावच्या शिवारात दुसऱ्याच्या शब्दावर राबलेला माणूस, लेक कागदावर सही करते आणि ती सही चालते, याचंच त्यांना इतकं अप्रूप होतं, की तिच्या प्रत्येक ऑर्डरीला ते 'हुकूम' म्हणायचे. आज किती हुकूम काढले? पण आत्या गेली तेव्हा बाईंना निरोप आला नाही. तो दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता त्यात, सहज सांगितला. तेव्हापासून लग्नाची पत्रिका आली की बाई आधी खाली निमंत्रकांची नावं वाचत. व्यवसाय कोणता, पुरवठा कसला. वाचता वाचता पत्रिका कमी होत गेल्या. माणसाला नातेवाईक नसले, की सही कशी सफाईदार येते, हे त्या कुणाला सांगू शकल्या नसत्या, पण खरं होतं.

घरी आल्यावर सम्यकनं स्वतः चहा केला. हाही पुरावाच होता. बाईंनी तो पुरावा साखरेसकट प्यायला. त्याला सांगून टाकावं असं एकदा ओठांवर आलं. पण सांगायचं म्हणजे काय? की तुला मुलगी आवडली असेल तर तिच्या मामाचं काम जाईल, डॉक्टर ऋतुराजचं यंत्र जाईल. आणि तुला आवडली नसेल, तर बरं होईल? अशी अट घालून विचारलेल्या प्रश्नाला पोरगा काय उत्तर देणार? म्हणेल, जाऊ दे मग. चांगला मुलगा आहे, पटकन म्हणेल. त्याच्या त्या 'जाऊ दे'ची बाईंना एवढी भीती वाटली, की त्यांनी त्याला विचारलंच नाही.

सकाळी संस्थेच्या गेटमधून आत शिरताना त्यांनी ठरवलं होतं, सही करायची. मिटमिट्याच्या पुढे ते माळावरचं आवार, पिवळ्या दगडाच्या इमारती, कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास, सगळं नेहमीचं होतं, आणि नेहमीच्या जागी नेहमीचं करावं यात गैर काय? समितीच्या खोलीत डॉक्टर ऋतुराज आधीच येऊन बसले होते. काल केस कापून आले होते, जणू यंत्रच त्यांना बघायला येणार होतं. तिसरी सदस्य हिशोब विभागाची श्रेया, टेबलावर स्टेपलर चालतो का बघत होती. कागद फिरला. ऋतुराजांनी सही केली. श्रेयानं केली. कागद बाईंपुढे आला. 'नातं नाही' या ओळीखाली रिकामी जागा होती, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, असल्यास तपशील द्यावा. या बारीक अक्षराकडे बाईंनी कधी लक्ष दिलं नव्हतं. तपशील. पेन टेकलं आणि त्यांना अमृता आठवली नाही, सम्यकही आठवला नाही. आठवला तो कालच्या खोलीत पारूबाईंच्या तोंडावर पसरलेला उजेड. आपलीच माणसं निघाली. बाईंना कुणी आपलं म्हटल्याला फार दिवस झाले होते. आणि आता त्या पारूबाईंना दुपारच्या डब्यानंतर आपलं म्हणायचं, आणि डब्याआधी कागदावर नाही म्हणायचं.

"काय झालं मॅडम, पेन संपलं?" श्रेयानं विचारलं.

बाईंनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. कागद पुढे सरकवला. श्रेयानं तो मोठ्यानं वाचला, बहुधा न वाचता वाचायची सवय असल्यामुळे: "निविदाकार क्रमांक दोन हे माझ्या होणाऱ्या सुनेचे सख्खे मामा." मग तिनं स्टेपलर खाली ठेवला. "अय्या! सम्यकचं ठरलं?"

"नाही."

"म्हणजे?" डॉक्टर ऋतुराज उभे राहिले.

"कालच मुलगी बघितली. अजून कुणी कुणाला होकार दिलेला नाही."

"मग नातं कुठंय?" त्यांनी कागद उचलला, उजेडात धरला, जणू त्यात पाणी असावं. "मॅडम, तुम्ही नसलेलं नातं लिहिलंय. हे चूक विधान आहे. खोडा. खोडून बाजूला सही करा, मी साक्षीला सही करतो."

"नातं असताना नाही लिहिणं चूक. नसताना आहे लिहिलं तर फक्त समितीतून जावं लागतं."

"आणि समिती परत दिल्लीनं नेमायची! किती दिवस राहिलेत माहितीये?" त्यांचा आवाज चिरकला. "दोन तास, बाई. दोन तास थांबा. बैठक संपली की बाहेर जा, फोन करा, पेढे वाटा. मी वाटतो."

"मलाही कालपासून तेच सुचतंय सर," बाई म्हणाल्या. "म्हणूनच लिहिलं."

त्या उठल्या. चष्म्याचं घर घेतलं, पाण्याची बाटली घेतली. ऋतुराज त्यांच्याकडे बघत नव्हते. टेबलाच्या मध्यावर ठेवलेल्या यंत्राच्या रंगीत चित्राकडे बघत होते, आणि तो राग असता तर बरं झालं असतं, पण तो राग नव्हता. बाहेर येऊन बाईंनी दार लावून घेतलं. निविदा उघडत असताना या दाराच्या बाहेर त्या आजवर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. आतला आवाज इकडे अजिबात येत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

कॉरिडॉरमध्ये मगरे उभे होते. निविदा ऑनलाइन झाल्यापासून कुणी येत नसे, मगरे मात्र यायचे. जवळ राहिलं की बरं वाटतं, म्हणायचे. बाईंना बघून त्यांनी सवयीनं पाठ वाकवली, आणि मग घड्याळाकडे पाहिलं.

"एवढ्यात झालं?"

"मी बाहेर पडले."

मगऱ्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "लिहून दिलंत?"

"लिहून दिलं."

त्यांनी भिंतीला हात टेकला. सहा वर्षं या यंत्राच्या मागे फिरलेला माणूस होता तो. शास्त्रज्ञांना माहितीपत्रकं, दिल्लीला खेटे, परदेशातल्या साहेबाला दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात'. हे सगळं त्याच्या तोंडावरून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. बाईंनी विचारायचं ते विचारलं. "मगरे, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं? मी येणार ते?"

"आदल्या दिशी कळलं. पारूनं पोराचा फोटो दाखवला, खाली नाव. म्हटलं दाभाडे लई असतेत. मग आईचं नाव वाचलं."

"आणि कळवलं नाहीत?"

"कसं कळवू मॅडम? निविदा उघडूस्तोवर निविदाकारानं अधिकाऱ्याला फोन करायचा नाय. तुमचाच नियम हाय. तुमी लगेच लिहिलं असतं, क्रमांक दोननं संपर्क साधला म्हणून."

"लिहिलं असतं," बाईंनी कबूल केलं.

"मग? पोरीला काय सांगू, टेंडर हाय म्हणून पाव्हण्यांना येऊ देऊ नको? म्हटलं ट्रे आपणच न्यावा. तुमी बघताल, आन् काय ते तुमीच ठरवताल." ते हसायला गेले, जमलं नाही. "असं ठरवताल असं नव्हतं वाटलं."

"पण मगरे, मी लिहिलंय होणारी सून. होकार अजून तुमच्याकडून यायचाय. आमचा आहे."

मगऱ्यांनी तिच्याकडे, म्हणजे पहिल्यांदाच मॅडमकडे नव्हे, तिच्याकडे, पाहिलं. "तुमी आमच्याआधी दिल्लीला कळवलंत?"

"हो."

त्यांनी खिशातून फोन काढला. शाळेची मधली सुट्टी असावी, पलीकडून मुलांचा गलका ऐकू आला. मगरे भिंतीकडे तोंड करून बोलू लागले. "हां बाळा… नाय, नाय उघडलं… तसं नाय, ऐक की. मॅडमनी लिहून दिलं, नातं हाय म्हणून… व्हय, सरकारी कागदावर… काम? कामाचं जाऊ दे गं… जाईल बहुतेक… नाय, रागवायचं काय त्यात, तू रडू नको." मग ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. सुलेखाबाई पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. निकालाची वाट बघणारी माणसं आपले हात कुठं ठेवतात, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. बाटली बरी पडते.

मगऱ्यांनी फोनवर तळहात ठेवला. "ती विचारतीय…" ते अडखळले.

"काय?"

"सम्यकरावांना विचारलंय का. का त्यांचं पण तुमीच लिहिलं?"

काल दुपारपासून आज सकाळपर्यंत त्यांनी नियम विचारले होते, करुणाला विचारलं होतं, मेलेल्या बापालाही विचारून झालं होतं. 'मला तर' म्हणून थांबलेला मुलगा अजून चितेगावच्या रस्त्यावर, रसवंतीपाशी उभा होता.

"तिला म्हणा, थांब," त्या म्हणाल्या, आणि पर्समध्ये स्वतःचा फोन शोधू लागल्या. घंटी पुष्कळ वेळ वाजली. मगरे आपला फोन तसाच उघडा धरून उभे, त्यातून शाळेचा गलका येत राहिलेला.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे," सम्यक कुजबुजला.

"मी पण होते," सुलेखाबाई म्हणाल्या. "आता तू बाहेर ये."